झोप की ग्लानी

मुंबईला जाऊन आले म्हटलं की आमच्या बार्शीत लोक समुद्र, राणीची बाग आणि उंच इमारतींबद्दल विचारतात. यातलं मी फारसं काही पाहिलं नाही. माझी मुंबई म्हणजे वाकोला, अंधेरी, आरे कॉलनी आणि खाडीपलीकडचं मढ. आणि या सगळ्या ठिकाणी मी बहुतेक वेळ घाबरलेली होते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढेमागे ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी तेवढं धरून चालावं.

मी बार्शीच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. अंधेरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचे डॉक्टर पै आमच्याकडे कुठल्याशा कामानिमित्त आले होते आणि माझा एक तास मागच्या बाकावर बसून ऐकून गेले. महिन्याभराने त्यांचं बोलावणं आलं. त्यांनी आसपासच्या वस्त्यांत छोटी आरोग्यकेंद्रं उघडली होती आणि तिथे त्या त्या वस्तीतल्याच मुली नेमल्या होत्या. मुली हुशार होत्या, पण अगदी अत्यवस्थ माणूस समोर आला की गांगरायच्या. त्याला पहिल्यांदा कसं पाहायचं, एवढं एकच मी दोन आठवडे राहून शिकवायचं होतं.

घरी सगळे खूश झाले. मी मात्र गाडीत बसेपर्यंत दोनदा पिशवी उपसून पुन्हा भरली.

वाकोला

माझी राहायची सोय वाकोल्याला सावंतांकडे झाली होती. सावंत वहिनी म्हणजे आमच्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टरची थोरली बहीण. मूळ गाव मालवणकडे, पण लग्न झाल्यापासून मुंबईत. एक खोली, एक पोटमाळा, खोलीच्या कोपऱ्यात मोरी. सावंत गिरणीत होते; संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून एका कारखान्यावर वॉचमनची नोकरी करत होते.

पोचल्या पोचल्या मी मोरीत पाय धूत होते, तेवढ्यात डोक्यावर असा काही आवाज झाला की मी तांब्या टाकून खालीच बसले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. भांडी हलत होती. सावंत वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"घाबरू नकात," त्या म्हणाल्या. "तां इमान आसा. रोज वरसून जाता. घरात येवचा नाय."

विमानतळ जवळच होता. दोन आठवड्यांत वहिनींसारखं तांदूळ निवडत बसणं काही मला जमलं नाही. दर वेळी मान खाली जायचीच.

आमच्याकडे दुपारी जेवणं झाली की दारं लागतात. इथे दार लावणं म्हणजे काहीतरी बिनसलं असं समजतात. दिवसभर नुसता पडदा. शेजारची बाई पडदा सारून आत यायची, डब्यातली साखर घ्यायची आणि जाताना मला सांगायची, "वहिनीला सांगा हां, दोन वाट्या नेल्या." पहिले दोन दिवस पडदा हलला की मला धस्स व्हायचं.

पहिल्या जेवणाला बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी होती. आम्ही भाकरी-मटण खाणारी माणसं; मासा काट्यासकट कसा हाताळायचा ते मला ठाऊक नव्हतं. सावंतांनी विचारलं, "तुम्ही नेमकं शिकवता काय?"

"माणूस मरायला टेकलेला असला तर पहिल्यांदा काय बघायचं, ते," मी म्हटलं.

सावंतांचा घास हातातच राहिला. "आणि बघणाऱ्याचं चुकलं तर?"

"जेवताना कसले ते प्रश्न?" वहिनी करवादल्या. पण मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काटा घशात अडकला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. वहिनींनी कोरड्या भाताचा लाडू वळून माझ्या हातावर ठेवला आणि चावायचा नाही, तसाच गिळायचा म्हणून बजावलं. काटा गेला. माणसाचा श्वास कसा बघावा हे शिकवायला आलेली बाई पहिल्याच जेवणाला घुसमटली, म्हणून सावंत खूप हसले. मीही हसले. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, आणि अंथरुणावर पडल्यावर तेच डोक्यात फिरत होतं.

बार्शीत मी शिकवते तेव्हा माझ्या मागे अख्खं हॉस्पिटल असतं. घंटा वाजवली की डॉक्टर येतो. या मुलींच्या मागे कोणी असणार नव्हतं. माझं बोलणं एवढंच त्यांच्यापाशी असणार होतं.

अंधेरी

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबोडी खोली होती. खाली बाजार. भाजीवाल्यांच्या आरोळ्या खिडकीतून सरळ आत यायच्या. समोर आठ-दहा मुली. कोणी मुलुंडच्या, कोणी घाटकोपरच्या, कोणी आरेतल्या. सगळ्यात पुढे बसलेली, मांडी घालून माझ्याकडे रोखून बघणारी मुलगी म्हणजे हेमा. मढची कोळ्याची पोर. रोज होडीने खाडी ओलांडून वर्सोव्याला यायची आणि तिथून बसने अंधेरीला.

मी एकीला गादीवर निजायला लावलं आणि म्हटलं, "हिला लोकांनी हातगाडीवर घालून आणलंय. ही बोलत नाही. आता तुम्ही काय कराल ते करा."

मुली कामाला लागल्या. एक केसपेपर घ्यायला धावली. एकीने बीपीचं मशीन आणलं आणि त्याची नळी सोडवत बसली. एक जण मला विचारू लागली, हिच्यासोबत कोण आलंय, हिचं नाव काय, वय काय. हेमाने पडदा ओढून बघ्यांना बाहेर काढल्यासारखं केलं.

मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग सांगितलं, "हिची जीभ मागे पडून श्वास अडला होता. तुमच्यापैकी एकीनेही हिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तुम्ही सगळ्या कामात होता आणि ही गेली."

गादीवरची मुलगी फिस्सकन हसली. बाकी कोणी हसलं नाही.

मग मी सांगायला सुरुवात केली. दारातूनच बघायला लागायचं. बोलते का? छाती हलते का, भराभर हलते का, घरघर आहे का? श्वास ठीक असेल तरच पुढे जायचं. मग हात-पाय धरायचे, गार की गरम. मग नाडी. मग हाक मारायची. डोळे उघडते का, बोलते ते धड बोलते का? मग पांघरूण काढून सगळं अंग बघायचं, कारण दुखणं पांघरुणाखाली लपतं. जिथे बिघाड सापडेल तिथे थांबून तो आधी सावरायचा. आणि काहीही बदललं की पुन्हा श्वासापासून सुरू करायचं. नाव, गाव, केसपेपर सगळं नंतर.

हेमाने हात वर केला. "बाई, एक बोलू? तुम्ही किती हळू बोलता ना. तुमचं बोलून होईपर्यंत पेशंटची वाट लागेल."

खोली हसली. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला कोणी असं बोललं असतं तर मुख्य सिस्टरकडे तक्रार गेली असती. इथे मुलींना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि तिचं खोटंही नव्हतं. त्या दिवसापासून मी भराभर बोलायला लागले.

पुढचे सगळे दिवस आम्ही तेच केलं. कधी जिन्यात, कधी खालच्या व्हरांड्यात, कधी बाजाराच्या गोंगाटात. मी मध्येच म्हणायची, "आता श्वास बदलला," आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. घाटकोपरच्या शैलाचे हात कापायचे. एका दुपारी तिने रडवेल्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्हाला नाही भीती वाटत?"

"प्रत्येक वेळी वाटते."

"मग काय करता?"

"काय बघायचं ते ठरलेलं असतं, ते बघते. हात कापत असला तरी नाडी लागते. धरून बघ."

तिने शेजारणीचं मनगट धरून बघितलं. लागली.

आरे कॉलनी

शनिवारी आम्ही आरेतलं आरोग्यकेंद्र बघायला गेलो. गोरेगावहून बस आत वळली आणि मुंबई एकदम मागे पडली. दोन्हीकडे झाडं, मध्ये मध्ये म्हशींचे गोठे, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिथली मुलगी वंदना सहज म्हणाली की परवा पाड्यावरचं कुत्रं बिबट्याने नेलं.

त्यात आम्ही एक थांबा आधीच उतरलो. म्हणजे मीच घाई करून सगळ्यांना उतरवलं. मग पायवाटेने चालत जावं लागलं. झाडी दाट होत गेली आणि बोलणं बंद झालं. एका वळणावर झुडूप जोरात हललं. शैलाने माझा दंड असा धरला की संध्याकाळपर्यंत वळ होते. झुडुपातून म्हैस निघाली. तिने आमच्याकडे बघितलं आणि चरायला लागली. हेमा म्हणाली, "बाई, छाती हलतेय हां," आणि सगळ्या हसत सुटल्या. मला मात्र पाड्यावर पोचेपर्यंत मागे वळून बघावंसं वाटत होतं.

पाड्यावर वेगळंच काही वाढून ठेवलं होतं. एका झोपडीपुढे माणसं जमली होती. वंदनाच्या ओळखीचे एक म्हातारे आजोबा जाणार म्हणून लेकी-जावयांना निरोप गेले होते. दोन दिवस अन्न नाही, डोळे मिटून पडलेले. बायका रडायच्या बेतात. माझ्या मनात आलं, या मुलींना घेऊन मी नको त्या वेळी आले. पण वंदना आत शिरली होती. शैला तिच्या मागोमाग.

मी दारात उभी राहिले. शैलाने वाकून छातीकडे पाहिलं, मग पाय चाचपले, मनगट धरलं. तिचा हात कापत होता. मग तिने हाक मारली, "आजोबा."

"काय हाय?" आजोबांनी डोळे न उघडता दरडावलं.

"जेवत का नाही?"

आजोबांनी डोळे उघडले आणि एका दमात सगळी हकिगत सांगितली. मुलाने न विचारता त्यांची शेळी विकली होती. शेळी परत येईपर्यंत ते जेवणार नव्हते. मधे एकदाही दम लागला नाही.

शैला उठून बाहेर आली आणि जमलेल्या माणसांना म्हणाली, "हे आज जात नाहीत. शेळी आणा." ती आल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या आवाजात बोलली. परतताना एका गोठ्यावर आम्हाला पेलाभर धारोष्ण दूध मिळालं. शैला दोन पेले प्यायली.

मढ

रविवारी सुट्टी होती. हेमाने मला जेवायला बोलावलं. तिची मोठी बहीण रंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता. बाळाला बघून जा, म्हणाली.

वर्सोव्याला काठावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. वास असा की डोळ्यांना लागावा. तिथून होडीने पलीकडे जायचं. मला पोहता येत नाही; बार्शीत विहिरीत वाकून बघतानाही मी कठडा धरते. होडी एका बाजूला कलली की मी दुसऱ्या बाजूला झुकायची. हेमा म्हणाली, "बाई, तुम्ही हलू नका ना. तुम्ही हललात की ती हलते." पैलतीर समोर दिसत होता तरी मला तो यायचाच नाही असं वाटत होतं.

हेमाचं घर काठापासून जवळच. कौलारू, पुढे जाळी पसरलेली. तिचे वडील ओट्यावर बसून जाळं विणत होते. त्यांनी मान हलवून मला आत जायला सांगितलं. आई चुलीपाशी होती. अंगाने दणकट, अंबाड्यात अबोली, कपाळावर मोठं कुंकू.

"आयलीस, बाय? बस. कोळंबी टाकलीय."

"रंजी कुठेय?" हेमाने विचारलं.

"निजलीय. दोन राती थंडीनं नुसती थडथडली. आज कुठे डोला लागलाय. तिला उठवू नको."

आतल्या खोलीत बाळ रडत होतं. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

खोलीत अंधार होता, धुरीचा वास होता. रंजना भिंतीकडच्या अंगाला गोधडी घेऊन पडली होती. तोंड अर्धवट उघडं. गोधडी भराभर वरखाली होत होती, जणू ती कुठून तरी धावत आली होती. बाळ तिच्या कुशीशी, हातभर अंतरावर, जीव तोडून रडत होतं आणि ती त्याच्याकडे वळत नव्हती.

हेमा माझ्या खांद्याशी उभी होती. तीही तेच बघत होती.

"बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ही झोप नाही."

"तू बघ. मी इथेच आहे," मी म्हटलं. परक्या बाईला तिच्या आईने हात लावू दिला नसता, हे एक कारण. दुसरं असं की बहिणीच्या अंगाला हात लावताना हेमाचा हात माझ्या हातापेक्षा खरा होता.

तिने बाळाला उचलून माझ्याकडे दिलं. श्वास बघितला. पाय धरले आणि माझ्याकडे बघितलं. "गार आहेत. कपाळ तापलंय." मनगट धरलं. "नाडी पळतेय, आणि बारीक. दोऱ्यासारखी." मग गालावर हात ठेवून हाक मारली, "रंजे. ए रंजे." रंजनाने डोळे उघडले, आमच्या पलीकडे कुठेतरी बघितलं आणि म्हणाली, "जालं काढा. भरती आली." पुन्हा डोळे मिटले.

हेमाने गोधडी बाजूला केली आणि आम्हा दोघींनाही वास आला. बाळंतपणातलं काहीतरी आत राहून सडलं होतं आणि त्याचं विष अंगभर चढलं होतं. असं मी हॉस्पिटलात पाहिलं होतं. तिथेही त्यातल्या सगळ्या वाचल्या नव्हत्या.

आई दारात येऊन उभी राहिली होती. लाजेने आणि रागाने तिचा चेहरा लाल झाला. "कय करतंस गो? झाक तिला."

"आये, हिला आत्ता हॉस्पिटलात न्यायचंय."

"बारावा झाला नय अजून. बालंतीण खाडी ओलांडत नय. सुईनीला निरोप धाडलाय, ती येल."

आमच्याकडेही सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर जात नाही. माझी स्वतःची आई हेच बोलली असती. मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझं हळू बोलणं पुन्हा आलं होतं आणि तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती हेमाकडे बघत होती.

"पान्यात काय झाला," ती म्हणाली, "तर ती तुझ्या माथी. मी तुला घरात घेनार नय."

हेमाने गोधडी पुन्हा रंजनाच्या अंगावर ओढली. मला ठाऊक होतं, रंजना होडीतच प्राण सोडू शकते. न नेली तर संध्याकाळपर्यंत जाईल असंही मला वाटत होतं, पण वाटणं म्हणजे खात्री नव्हे. माझं चुकलं तर या मुलीचं घर तुटणार होतं. बघणाऱ्याचं चुकलं तर, असं सावंतांनी विचारलं होतं ते हेच.

हेमाने माझ्याकडे बघितलं नाही. ती बाहेर ओट्यावर गेली. "बाबा, होडी काढा."

तिच्या वडिलांनी जाळ्यातली सुई बाजूला ठेवली. आत येऊन त्यांनी रंजनाच्या पावलांवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच. मग शेजारच्या दोघांना हाक मारली आणि खाट उचलायला सांगितली. मी बाळ हेमाच्या आईच्या हातात दिलं.

खाडी

ओहोटी लागली होती. पाणी मागे सरलं होतं आणि होडीपर्यंत नुसता चिखल. माणसं खाट खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून चालली. माझी एक चप्पल त्यात गेली, मग मी दुसरीही सोडली. एकदा पडले. कोणी उचलायला थांबलं नाही आणि थांबू नये असंच मला वाटत होतं.

होडीत रंजनाला कुशीवर निजवलं, पायांखाली जाळ्याची गुंडाळी दिली. कोणीतरी तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावायला निघालं तो मी अडवला; शुद्ध हरपलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते छातीत जातं. हेमा तिच्या डोक्याशी बसली, मी पायाशी. वडील वल्हवत होते, आमच्याकडे पाठ करून.

मधोमध आल्यावर रंजनाला उलटी झाली. हेमाने तिचं तोंड खाली वळवलं, बोटाला पदर गुंडाळून आतलं सगळं पुसून काढलं, हनुवटी वर उचलली आणि कान नाकाशी नेला. पुन्हा श्वासापासून. मग तिने मनगट धरलं. सोडलं. पुन्हा धरलं.

"बाई, नाडी लागत नाही."

मी वाकून दुसरं मनगट धरलं. मलाही लागली नाही. होडी हलत होती, माझी बोटं बधिर झाली होती, आणि माझ्याच बोटांतले ठोके मला ऐकू येत होते. क्षणभर मला पुढचं काहीच आठवेना. मग मी हात तिच्या गळ्याकडे नेला. तिथे होती. क्षीण, पण होती.

"मानेवर आहे," मी म्हटलं. "पाय आणखी उचल. श्वासाकडे बघत राहा, नजर काढू नकोस."

वडिलांनी वळून न बघता विचारलं, "हाय?"

"हाय," हेमा म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा, "हाय?"

"हाय, बाबा."

किनारा लागेपर्यंत ते एवढंच विचारत राहिले आणि ती एवढंच सांगत राहिली. मधे एकदा तिला उत्तर द्यायला वेळ लागला. वल्हं पाण्यात थांबलं. मग ती म्हणाली, "हाय," आणि वल्हं चाललं. पाण्याची भीती मला त्या वेळी वाटली नाही. तेवढीच एक नव्हती.

वर्सोव्याला मासळीचा एक टेम्पो उभा होता. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. बर्फाच्या पेट्या रस्त्यावर उतरवल्या आणि फळी खाली पाडली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आमच्या अंगाला चिखलाचा आणि माशांचा वास येत होता. एक तरुण डॉक्टर पुढे आला आणि म्हणाला, "काय झालंय? थोडक्यात सांगा."

मी तोंड उघडायच्या आत हेमाने सांगितलं. श्वास, हातपाय, नाडी, शुद्ध, ताप, वास, होडीत झालेली उलटी, मनगटात न लागलेली नाडी. सगळं क्रमाने. डॉक्टरने ते ऐकता ऐकताच सलाइन मागवलं आणि रंजनाला आत नेलं.

मग हेमा भिंतीला टेकून खाली बसली आणि तिचे दात वाजायला लागले. मी तिच्याजवळ बसले.

वॉर्डात

रंजनाचं आत राहिलेलं काढून गर्भाची पिशवी साफ केली. रक्त लागलं, वडिलांचं जुळलं. तरी डॉक्टर म्हणाले की आताच काही सांगता येत नाही, खूप उशिरा आली.

आई मागच्या होडीने बाळाला घेऊन आली होती. ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. हेमाने चहा नेला तर तोंड फिरवलं. माझ्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी मी वर्ग घेतला. हेमाची जागा रिकामी होती. मुलींना सगळं कळलं होतं, पण कोणी विचारलं नाही. मी शिकवत होते आणि कान जिन्याकडे होता. कोणाची पावलं वाजली की वाटायचं, आता सांगायला आले. त्या संध्याकाळी रंजनाचा ताप पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशीही तेच. हॉस्पिटलच्या फाटकाशी हेमा मला म्हणाली, "बाई, मी हे काम सोडते. आये बरोबर बोलली. रंजी गेली तर मी कुठल्या तोंडाने घरी जाऊ?"

"तू बघितलंस ते बरोबर होतं," मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याने काय होतं?"

मी तिच्याबरोबर फाटकाशी उभी राहिले. वाकोल्याला परत आले तेव्हा सावंत वहिनींनी ताट वाढलं, काही विचारलं नाही, आणि माझ्या बांगड्यातले काटे स्वतः काढून दिले.

आठवडा सरता सरता ताप उतरला. रंजनाने हेमाला ओळखलं, बाळ मागितलं, पेज मागितली. निघायच्या आदल्या दुपारी मी भेटायला गेले. वॉर्डात लांबच लांब खाटा, पंख्यांची घरघर. रंजना डोळे मिटून पडली होती. बाळ तिच्याजवळ झोपलं होतं. आई खाटेजवळच्या स्टुलावर. हेमा पायथ्याशी उभी होती. दोघींमध्ये अजून बोलणं नव्हतं.

मला बघून आई उठली नाही. बराच वेळ ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाय, तवा पन ती अशीच निजलेली. आज पन अशीच निजलीय. मना कसा कलेल?"

तिने किती रात्री तिथे बसून हाच विचार केला असेल, ते मला तेव्हा कळलं. लेक बरी झाली तरी तिची भीती गेली नव्हती. लेक दर वेळी डोळे मिटायची आणि ही जागी राहायची.

मी हेमाकडे बघितलं. "तू दाखव."

हेमा जवळ आली. मग म्हणाली, "आये, पयला छाती बघ. हलतेय ती हळू हलतेय का? तवा कशी धावत होती, तशी नय ना?"

आई वाकून बघत राहिली. "हळू हाय."

"आता पाय धर."

तिने चादरीखाली हात घातला. दोन्ही हातांनी रंजनाची पावलं धरली आणि तशीच धरून ठेवली. "गरम हाय," ती म्हणाली.

"आता हाक मार."

आईने ओठ ओले केले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "रंजे."

रंजनाने कपाळाला आठ्या घातल्या आणि एक डोळा उघडला. "काय गो आये. आत्ताच डोला लागलेला."

आईने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. रंजना कूस बदलून पुन्हा झोपली. आई हेमाकडे न बघता स्टुलावर जरा सरकली आणि अर्धी जागा मोकळी केली. हेमा तिच्या शेजारी बसली.

मी निघाले तेव्हा त्या दोघी तशाच होत्या, एका स्टुलावर, रंजनाच्या छातीकडे बघत.